फिटची गोळी, अर्धशिशीसाठी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'पन्नाशीनंतरचं आरोग्य'. त्यावर जे बोलायचं ते तुम्हाला सगळं पाठ आहे. साखर कमी, मीठ कमी, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं. आणि पाठ असून काय होतं, ते मी मघाशी जेवताना श्रीखंडाच्या वाट्यांकडे बघून पाहिलं. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी एकाच दुखण्याबद्दल आणि त्यावरच्या एकाच जातीच्या औषधांबद्दल बोलणार आहे. दुखणं म्हणजे अर्धशिशी, आपण आता मायग्रेन म्हणतो ते. आणि औषध म्हणजे फिटची गोळी.

विषय सुचला तो आपल्याच ग्रुपवरून. गेल्या वर्षी श्रावणात एका मैत्रिणीने गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी ही गोळी दिली. मेडिकलवाला म्हणतो, ही फिटची आहे. मला फिट येतात का गं?" त्यावर तुम्ही काय काय उत्तरं दिलीत ते आठवतंय? सूर्योदयाआधी गरम जिलेबी दुधातून खा. नाकात गाईचं तूप सोड. पित्त आहे, उलटी काढून टाक. एकाने तर लिहिलं, "फिटची गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही." मी दिवसभर ओपीडीत होते. रात्री साडेनऊला फोन उघडला आणि तिला लगेच फोन केला. तोपर्यंत गोळ्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या होत्या.

हे तिच्या परवानगीने सांगते आहे. ती समोरच बसली आहे, कुठे ते सांगणार नाही. पण सकाळी गाणं लागल्याबरोबर सगळ्यात आधी नाचायला उठली ती तीच.

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. तिला जे सांगितलं तेच आज जरा नीट मांडते. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे. ती इतकी वर्षं मी फार कुणाला सांगितलेली नाही.

आधी शाळेतली आठवण. आपण आठवीत होतो, म्हणजे साल 1983. जानेवारीत मैदानावर उन्हात कवायतीचा सराव झाला आणि मग गणिताचा तास. सर फळ्यावर समीकरण सोडवत होते. अचानक मला फळ्याचा डावा भाग दिसेना. तिथे एक चमकती नागमोडी रेघ आली, करवतीच्या दात्यांसारखी, आणि ती हळूहळू पसरत गेली. सरांनी मला उभं केलं आणि पुढची पायरी विचारली. मी म्हणाले, "सर, अर्धं गणित दिसत नाही." सगळा वर्ग हसला. सरांना वाटलं, मी टिंगल करते आहे. त्यांनी मला बाकावर उभं केलं. वीस मिनिटांनी रेघ गेली आणि उजव्या बाजूचं डोकं असं ठणकायला लागलं की मी बाकावरच खाली बसले.

सर, तुम्ही आज इथे आहात. तक्रार म्हणून सांगत नाही. 'अर्धं गणित दिसत नाही' यावर त्या काळात कोण विश्वास ठेवणार होतं? पण आपल्या मराठीच्या बाईंनी ठेवला. त्यांनी मला वाचनालयात नेलं, खिडक्यांना कागद लावलेला कोपरा होता तिथे झोपवलं, स्वतःचा रुमाल ओला करून कपाळावर ठेवला आणि बाहेरच्या पोरांना म्हणाल्या, "आवाज करू नका, तिचं डोकं दुखतंय." मोठं झाल्यावर कळलं की हा अर्धशिशीवरचा अगदी योग्य प्रथमोपचार होता: अंधार, शांतता, थंडावा आणि समोरच्याने ठेवलेला विश्वास.

आता ती नागमोडी रेघ म्हणजे काय ते सांगते, कारण फिटच्या गोळीचा धागा तिथूनच सुरू होतो.

अर्धशिशी म्हणजे नुसतं डोकं दुखणं नाही. तो मेंदूचा आजार आहे. झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. बहुतेकांचं एका बाजूचं डोकं ठणकतं, जिना चढलं तरी वाढतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुप्पट ते तिप्पट. काही जणांना डोकं दुखायच्या आधी माझ्यासारखं चमकताना दिसतं, हाताला मुंग्या येतात, शब्द अडतात. 1941 मध्ये कार्ल लॅश्ली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढची ती रेघ दर काही मिनिटांनी कागदावर काढली आणि हिशोब केला. मेंदूच्या मागच्या भागावरून काहीतरी मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे, असा तो हिशोब होता.

पुढे 1944 मध्ये अरिस्तिदेस लेआओ या ब्राझीलच्या तरुण संशोधकाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर काम करत होता. त्याला अभ्यास करायचा होता फिटचा. पण त्याला भलतंच दिसलं. मेंदूच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी चेतवलं की पेशी क्षणभर उसळतात, मग गप्प होतात, आणि ही गप्प होण्याची लाट हळूहळू शेजारी पसरत जाते. वेग काढला तर तोही मिनिटाला 3 मिलिमीटरच्या आसपास. एकाने स्वतःची अर्धशिशी मोजली, दुसरा फिट शोधत होता, आणि दोघांचा आकडा जुळला. विहिरीत खडा टाकल्यावर तरंग काठाकडे जावा तशी ही लाट. माझ्या डोळ्यांपुढून आठवीत गेली ती हीच.

म्हणजे फिट आणि अर्धशिशी एकच का? नाही. फिटमध्ये मेंदूतल्या पेशींचा मोठा समूह एकदम, एका ठेक्यात पेटतो. अर्धशिशीत तसं होत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एक साम्य आहे: मेंदू लवकर चेततो. म्हणून ज्या औषधाने पेशींचं चेतणं आवरतं, ते दोन्हीकडे उपयोगी पडू शकतं. 2006 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात अर्धशिशी टाळण्यासाठी दिली जाणारी वेगवेगळ्या जातींची पाच औषधं काही आठवडे रोज दिली. त्यात फिटची होती, रक्तदाबाचं होतं, नैराश्याचंही होतं. पाचांनीही ही लाट उठणं कमी केलं. आणि जितके जास्त दिवस दिली, तितका परिणाम जास्त. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि 'फिटची गोळी' हे नाव तरी काय आहे? औषधाने पहिली नोकरी जिथे केली, तिथलं ते ओळखपत्र आहे. व्हॅल्प्रोएटचं मूळ द्रव्य 1882 मध्ये तयार झालं. नंतर ऐंशी वर्षं त्याचा उपयोग काय, तर दुसरी औषधं विरघळवायला. 1963 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे पिएर एमार काही नवी द्रव्यं त्यात विरघळवून फिटवर तपासत होता. जे विरघळवावं ते लागू पडू लागलं. मग लक्षात आलं की गुण पाहुण्यांचा नाही, ज्या गाडीतून ते आले त्या गाडीचा आहे. दुसरं औषध टोपिरामेट. ते 1979 मध्ये ब्रूस मॅरिनॉफ यांनी फळातल्या साखरेपासून बनवलं आणि शोध चालला होता मधुमेहावरच्या औषधाचा. निघालं फिटचं. पुढे दोन्ही अर्धशिशीला लागू पडतात हे दिसलं. अमेरिकेत मोठ्या माणसांची अर्धशिशी टाळण्यासाठी व्हॅल्प्रोएटला 1996 मध्ये आणि टोपिरामेटला 2004 मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा पाकिटावरचं नाव बघून 'मला फिट येतात का' असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, हृदयासाठी ॲस्पिरिन घेता, तेव्हा तुम्हाला ताप आलेला असतो का?

आता हे औषध देतं किती आणि घेतं किती, तो हिशोब.

आधी देण्याची बाजू. ही गोळी डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची नाही. ती रोज घ्यायची, दुखो वा न दुखो. झटके यावेत कमी, आणि आलेच तर सौम्य, एवढंच तिचं काम. महिन्यातून चार किंवा जास्त दिवस दुखत असेल, किंवा कमी दिवस असूनही माणूस पार आडवा होत असेल, तर अशा रोजच्या औषधाचा विचार करायचा. टोपिरामेटच्या ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर मान्यता मिळाली, त्यात दिवसाला 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांचे झटके निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही पावपेक्षा थोड्या कमी लोकांना तेवढा फरक पडला. म्हणजे औषध खरं आहे, पण जादू नाही. निम्म्यांना निम्मा आराम. आणि फिटची सगळीच औषधं इथे चालतात असंही नाही. गॅबापेन्टिन हे फिटचंच, पण अर्धशिशी टाळायला त्याचा उपयोग होत नाही, असं 2013 मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं.

ज्यांना महिन्याला दहा झटके येतात, त्यांना विचारा पाच म्हणजे काय असतं. पाच दिवस परत मिळणं म्हणजे पाच वेळा मुलीच्या शाळेत जाता येणं, पाच वेळा स्वयंपाकघरात उभं राहता येणं.

आता घेण्याची बाजू. ती मी पुस्तकातून सांगत नाही. 2008 मध्ये माझे झटके महिन्याला आठ-नऊवर गेले होते, तेव्हा मी स्वतः टोपिरामेट घेतलं. रात्री 25 मिलिग्रॅमने सुरुवात आणि दर आठवड्याला 25 वाढवत 100 वर. पहिल्या पंधरवड्यात बोटांच्या टोकांना मुंग्या. सोडा प्यायला तर त्यातली चव गेलेली, नळाचं पाणी वाटावं असा. भूक कमी झाली, तीन महिन्यांत चार किलो उतरले. शेजारणीने 'कुठलं डाएट गं' म्हणून विचारलं. इथपर्यंत ठीक होतं.

मग शब्द जायला लागले. एकदा ओपीडीत समोर म्हातारे आजोबा बसले होते. मला सिस्टरला सांगायचं होतं, आजोबांना थर्मामीटर लावा. वस्तू डोळ्यांसमोर दिसते आहे, नाव येत नाही. मी म्हणाले, "ते... ते काचेचं... तापाचं द्या." सिस्टर हसली. मी घाबरले. जी मुलगी या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन गेली, तिला थर्मामीटर आठवत नव्हता. आणि तेव्हा लक्षात आलं की हीच गोळी मी किती जणांना देताना सहज म्हणाले होते, "थोडं विसरायला होईल हं, घाबरू नका." ते थोडं कुणासाठी थोडं असतं? शिक्षकाला, वकिलाला, बँकेत काउंटरवर बसणाऱ्याला शब्द गेला तर काय राहतं? मी मात्रा 50 वर आणली. दोन आठवड्यांत शब्द परतले आणि झटके तीन-चारवर टिकले. सगळ्यांचं असं होईल असं नाही. पण तेव्हापासून ही गोळी लिहिताना मी आधी विचारते, तुमचं पोट कशावर चालतं?

मुतखडा झालेल्यांनी ती जपून घ्यावी, पाणी भरपूर प्यावं. गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात एकदम डोळा दुखला, लाल झाला, धूसर दिसू लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण क्वचित डोळ्यातला दाब अचानक वाढतो. व्हॅल्प्रोएटची तऱ्हा उलटी. त्याने वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं.

आणि आता ती चूक.

साल 2003. एक बावीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. महिन्यातून दहा दिवस अर्धशिशी, एक परीक्षा त्यातच बुडालेली. मी व्हॅल्प्रोएट दिलं. तिला ते छान लागू पडलं. दोन महिन्यांनी आई एकटी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, स्थळं बघतोय. ही फिटची गोळी आहे असं दुकानात कळलं. कागदावर नाव नको. आपल्यात काय होतं तुम्हाला ठाऊक आहे." मला ठाऊक होतं. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार असलेल्याचं लग्न अवैध ठरवण्याची तरतूद 1999 पर्यंत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द निघाला. कायद्यातून निघाला, माणसांच्या मनातून कुठे निघाला होता? मी आईचं ऐकलं. नवीन कागदावर लिहिलं, 'चालू गोळ्या पुढे चालू'. आईने पाकिटातल्या गोळ्या काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायला सुरुवात केली.

आणि जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे, हे मला माहीत होतं. आम्हाला ते शिकवलेलं होतं. पण लग्न न झालेल्या मुलीशी, तेही आईसमोर, दिवस राहण्याबद्दल काय बोलायचं, असं मला वाटलं. लग्न ठरेल तेव्हा सांगू म्हणाले स्वतःशी. लग्न ठरलं, झालं, ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. वर्षभराने माहेरी आली तेव्हा मला पेढे द्यायला आली. तिसरा महिना चालू होता. मी विचारलं, "गोळ्या?" ती म्हणाली, "रोज घेते ना. तुम्हीच म्हणालात चालू ठेव." तिकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना माहीतच नव्हतं. त्यांना डबी दाखवली होती कॅल्शियमची.

व्हॅल्प्रोएट पोटात गेलेल्या दर दहा बाळांपैकी साधारण एकात जन्मजात व्यंग असतं, पाठीच्या कण्याचं, हृदयाचं, टाळूचं. आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात. हा दुसरा आकडा तेव्हा इतका स्पष्ट नव्हता. पहिला धोका होता. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं आणि ती गोळी थांबवली. तिला फिट येत नव्हत्या, म्हणून ती लगेच थांबवता आली. ज्यांना खरोखर फिट येतात त्यांनी कधीही आपल्या मनाने थांबवायची नाही, त्यात जिवाला धोका असतो. मग विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीपर्यंतचे ते आठवडे. रोज संध्याकाळी मला तिचा चेहरा दिसायचा. सोनोग्राफी चांगली आली. मुलगी झाली, ठणठणीत. आता कॉलेजात आहे. पण ते माझ्या शहाणपणाने झालं नाही. नशिबाने झालं.

नंतर मी पुष्कळ विचार केला की चुकलं कुठे. औषध चुकीचं नव्हतं, आजार खरा होता, गुणही आला. आईने लाज वाटून औषधाचं नाव लपवलं आणि मी संकोचाने औषधाचा धोका लपवला. दोन माणसांच्या दोन गप्प बसण्यांमधून ती गोळी एका गर्भापर्यंत पोचली. म्हणून आज ज्या ग्रुपवर ती मैत्रीण 'ही फिटची आहे का' असं उघड विचारते, त्या ग्रुपचं मला कौतुक वाटतं. जिलेबी सोडा, पण तिने विचारलं.

आज नियम स्पष्ट आहेत. मूल होण्याच्या वयातल्या मुलीबाईला अर्धशिशीसाठी व्हॅल्प्रोएट देऊ नये, आणि गर्भारपणात तर नाहीच. टोपिरामेटचाही गर्भावर परिणाम होतो, ओठ आणि टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. 2023 मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी त्याबाबतचे नियम आणखी कडक केले. शिवाय जास्त मात्रेत त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. आपण बहुतेक जण त्या वयाच्या पुढे आलो आहोत. पण आपल्या मुली आहेत, सुना आहेत, भाच्या आहेत. त्यांच्या हातात ही गोळी दिसली तर घाबरवू नका आणि लपवायलाही सांगू नका. एवढंच विचारा, "डॉक्टरांशी दिवस राहण्याबद्दल बोललीस का?"

आता थोडं व्यवहाराचं, मग संपवते.

पहिलं, वही ठेवा. आपल्या शाळेतल्या शंभरपानीसारखी साधी. तारीख, किती तास दुखलं, कुठली गोळी घेतली. वही नसेल तर गुण आला की नाही हे डॉक्टरला कळत नाही आणि तुम्हालाही नाही, कारण माणसाला कालचं दुखणं तेवढं आठवतं.

दुसरं, वेळ द्या. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते हेच. रोजची गोळी दुसऱ्या दिवशी काम करत नाही. ठरलेल्या मात्रेवर दोन ते तीन महिने घेतल्याशिवाय 'लागू पडली नाही' म्हणायचं नाही. आणि लागू पडली तर ती जन्मभर घ्यायची असंही नाही. सहा महिने ते वर्षभर झटके आवाक्यात राहिले की डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. ज्याने ग्रुपवर 'जन्मभर' लिहिलं होतं, त्याने हे वाक्य लिहून घ्यावं.

तिसरं, वेदनाशामक गोळ्या मोजा. साधी गोळी महिन्यात 15 दिवस, किंवा ट्रिप्टानसारखी नाहीतर मिश्रणाची गोळी 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मग वरून कुठलंही औषध द्या, ते पुरं पडत नाही.

चौथं, फिटची गोळी हा एकच रस्ता नाही. रक्तदाबाचं प्रोप्रानोलॉल आहे, मात्र दमा असेल तर ते नको. ॲमिट्रिप्टिलिन आहे, फ्लुनारिझिन आहे. गेल्या काही वर्षांत थेट अर्धशिशीसाठीच बनवलेली इंजेक्शनं आली आहेत. जर्मनीत अशा एका इंजेक्शनाची टोपिरामेटशी समोरासमोर तुलना केली. त्रासामुळे औषध सोडणारे इंजेक्शनाच्या गटात शंभरात 11 आणि टोपिरामेटच्या गटात 39 निघाले. ही इंजेक्शनं महाग आहेत. टोपिरामेट स्वस्त आहे आणि तालुक्याच्या दुकानातही मिळतं. म्हणून ते अजून बरीच वर्षं राहणार, आणि म्हणूनच त्याबद्दल नीट माहिती हवी.

आणि शेवटचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, किंवा एका क्षणात कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, सोबत हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, ताप आणि मान ताठ झाली, तर ती अर्धशिशी आहे असं घरीच ठरवू नका. थेट रुग्णालय गाठा. माझं भाषण विसरा, एवढं विसरू नका.

आपल्या त्या मैत्रिणीने नंतर डॉक्टरांना पुन्हा भेटून गोळी नव्याने सुरू केली. पाकीट स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असं, चहाच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. सासूबाईंनी विचारलं, तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मला तरुणपणी असंच व्हायचं, मी अंधाऱ्या खोलीत भिंतीला डोकं लावून बसायचे. कुणी विचारलंही नाही." मैत्रिणीच्या वहीत महिन्याला नऊ दिवस होते, आता चार आहेत. अधूनमधून भाजीचं नाव आठवत नाही म्हणते. ते गोळीने की वयाने, हे या सभागृहात कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

मराठीच्या बाई आज प्रकृतीमुळे येऊ शकल्या नाहीत. ही स्मरणिका त्यांना घरी पोचणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. बाई, तुमचा निळ्या काठाचा रुमाल मी घरी नेला होता आणि परत द्यायचा राहिला. पुढच्या महिन्यात घेऊन येते.